फॅनवालं कार्ड

कॉम्प्युटरमधे ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकावं, असं मले आजही कोणी विचारलं तं मी एकच सांगते. कोणतंही घ्या बाप्पा, पण घरच्या माणसाकडून घेऊ नका. लोकं हसतात. त्यायले वाटते अन्नपूर्णा गंमत करून राह्यली. मले काय गंमत सुचते, मलेच माहीत.

पुलगावजवळच्या नाचणगावात आमचा फोटोचा स्टुडिओ आहे. फोटो काढतात माझे मिस्टर, प्रेमदास. कॉम्प्युटरवरचं सगळं काम माझं. कोणाचा चेहरा उजळायचा, कोणाच्या मागचा विजेचा खांब काढायचा, नवरा-नवरी ताजमहालापुढे उभे करायचे, आन त्या फोटोयचा अल्बम मांडायचा. आमच्या इकडे याले मिक्सिंग म्हणतात. मी वर्ध्याले क्लास लावून शिकली. तेव्हा सासूबाई म्हणत, बाईमाणसाले कायले पाहिजे हे. मंग पहिला अल्बम पाह्यला आन स्वतःच साऱ्या गल्लीले दाखवत फिरल्या.

रोल गेले, डिजिटल कॅमेरे आले, तेव्हाची ही गोष्ट आहे. दोन हजार पाच साल. आमचा जुना कॉम्प्युटर मोठा फोटो उघडला की फासावर दिल्यासारखा गप्प होऊन जाये. मी चहा मांडून येवो, तरी त्याचं आपलं घड्याळ फिरूनच राह्यलं. समोर लग्नाचा सीझन होता. नवीन मशीन घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मशीन घ्यायचं म्हटल्यावर मी सगळ्यात आधी ताराचंदभाऊले फोन केला. ताराचंदभाऊची वर्ध्याले कलर लॅब होती. माझं लग्न होऊन मी या घरात आली तेव्हापासून आमची सगळी छपाई त्यायच्याकडेच. आधी रोल जायचे, मंग सीडी जायला लागल्या. सीडी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालायची, पुलगावच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, आन परतीच्या गाडीनं छापलेले फोटो यायचे. कधी एक फोटो इकडचा तिकडे झाला नाई.

ताराचंदभाऊ म्हणाले, "देख बेटी, फोटोच्या कामाले भारी कार्ड लागत नाई. साधं घे, बिनफॅनचं. जो पैसा वाचन तो रॅममधे टाक, आन पडदा चांगला घे. ते फॅनवालं भारी कार्ड पोट्ट्यायच्या गेमसाठी असते."

हे मी जसंच्या तसं रुपेशले सांगितलं. रुपेश माझा लहाना भाऊ. वर्ध्याले धीरज नावाच्या माणसाचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान होतं, तिथं तो कामाले. आई शेतात निंदणाले जाये तेव्हा या पोट्ट्याले कडेवर घेऊन मी शाळेत जाऊन बसली आहे. गुरुजी ओरडत, तरी मी त्याले खाली ठेवलं नाई. त्याच्या डिप्लोमासाठी मी माझे कानातले मोडले. हे मी कधी त्याले बोलून दाखवलं नव्हतं. आता सांगून राह्यली.

रुपेश हसला. "ताई, ताराचंदभाऊ केमिकलवाला माणूस. त्यायले कार्डाचं काय समजते? तू दुकानात ये. तुले दोन्ही दाखवतो. तुह्या डोळ्यानं पाहा आन तूच सांग."

मी गेली. टेबलावर दोन मशीन मांडले होते, एकात साधं कार्ड, एकात फॅनवालं. दोन्ही पडद्यावर एकच फोटो होता. माझाच फोटो, मीच मिक्सिंग केलेला, हळदीच्या कार्यक्रमाचा. साध्या कार्डावर तो होता तसा दिसत होता. आन फॅनवाल्या कार्डावर! माय वं, काय सांगू! हळद अशी पिवळीधम्मक, साडीचा हिरवा असा ताजा, जसं आत्ताच भाजीबाजारातून आणलं. मी तिथंच उभी राह्यली. धीरज बाजूले होता. तो म्हणाला, "नजर पाहिजे ताई, फरक दिसाले. सगळ्यायले नाई दिसत."

झालं. माझ्या नजरेची कोणी तारीफ केली की मी पाघळते, हे रुपेशले लहानपणापासून माहीत. मी फॅनवालं कार्ड घेतलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्याकडे लग्नाचा अल्बम पास केल्याशिवाय छापाले जात नाई. पास करणं म्हणजे सगळं घर स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरपुढे बसते. नवरीची माय, मामा, आत्या, जावई, शेजारीण. चहा होते. मी एकेक पान दाखवते. "मामाचे डोळे मिटले, हा काढा." "आत्याले थोडी गोरी करा वं." "पोट्टी लालभडक दिसून राह्यली, रंग कमी करा." शेवटी घरातलं मोठं माणूस म्हणते, पास. मंगच मी सीडी काढते. आन प्रत्येक गिऱ्हाईकाले मी छाती ठोकून सांगे, पडद्यावर दिसते तेच अल्बमात येईन. ही माझी जबान होती. बाकीच्या स्टुडिओवाल्यायकडे पास केल्यावरही भांडणं होत. माझ्याकडे एकदाही झालं नव्हतं.

त्या सीझनले झालं. पहिला अल्बम यशोदाबाईच्या पोरीच्या लग्नाचा होता. यशोदाबाईनं अल्बम आणून माझ्या काउंटरवर आपटला. "अन्नपूर्णा, पाह्य हे. माही पोरगी नवरी होती का दवाखान्यातून आणली होती?"

मी उघडून पाह्यलं. सगळे चेहरे राखेचे. हळद बेसन धुतल्यावानी. लाल शालू विटकरीचा झालता. पडद्यावर लावून पाह्यलं, तं पडद्यावर एकदम झकास. यशोदाबाईनंही पाह्यलं. आन पाहून तिचा राग वाढला. "म्हणजे इथं चांगलं दाखवलं आन कागद हलका लावला. पास कराले बोलावून फसवते वं तू? तुह्यावर भरवसा ठेवला मी."

मले जिंदगीत कोणी फसवणारी म्हटलं नव्हतं. मी रडली. मंग दुसरा अल्बम तसाच आला. मंग तिसरा. पुलगावच्या स्टँडवर बाया बोलायले लागल्या, अन्नपूर्णाकडे पडद्यावर एक दाखवतात आन देतात एक. पुढच्या महिन्याची दोन लग्नं हातची गेली. ती लग्नं गेल्याचं मले एवढं नव्हतं वाटत. माझी जबान गेली होती.

मी ताराचंदभाऊले फोन केला. ते म्हणाले, "बेटी, माझी मशीन मी रोज तपासतो. बाकी कोणाची तक्रार नाई. तुह्या पडद्यात काही तरी आहे. कोणाले तरी दाखव."

"माझ्या भावानं लावला आहे तो."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. दुसऱ्याले दाखव."

माझं डोकंच फिरलं. माझ्या भावावर बोलले ना! मी फोन ठेवला आन रुपेशले लावला. रुपेशनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "ताई, तो केमिकल वाचवून राह्यला असन. लॅब जुनी झाली त्याची. चालत नाई आता."

बस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वर्ध्याले गेली, यशोदाबाईचा अल्बम घेऊन. प्रेमदास माझ्यासंग होते. लॅबमधे देवळीचे, आर्वीचे फोटोग्राफर बसले होते. त्या सगळ्यायपुढे मी ताराचंदभाऊले नाई नाई ते बोलली. चोर म्हटलं. बेटी बेटी म्हणून गळा कापला म्हटलं. त्यायची बायको, सुलोचनाबाई, आतून पाणी घेऊन आल्या होत्या. तो गिलास तसाच हातात धरून त्या दारात उभ्या राह्यल्या. ताराचंदभाऊ माझ्या मागे पाहून एवढंच म्हणाले, "प्रेमदास, तुम्ही तरी बोला." प्रेमदास म्हणाले, "चाल अन्नपूर्णा, गाडी जाईन."

तेव्हाच धीरजनं दुकानाच्या वरच्या मजल्यावर नवीन लॅब टाकली होती. आम्ही तिकडे गेलो. पहिली सीडी पाठवायच्या आधी रुपेश खास नाचणगावले आला. "मशीनची साफसफाई करून देतो ताई." कॉम्प्युटरपुढे बसला, थोडं काहीतरी केलं, माझ्या हातची झुणका-भाकर खाल्ली आन गेला. रंग मले थोडे उतरल्यासारखे वाटले. मी फोन केला, तं म्हणाला धूळ काढली, आता खरे रंग दिसून राह्यले. भावाचा शब्द म्हणून मी मान हलवली. आन अल्बम आला तो असा आला, जसा पडद्यावर तसाच कागदावर! मी तो अल्बम घेऊन यशोदाबाईच्या घरी गेली. तिचाही अल्बम रुपेशनं लॅबमधेच रंग नीट करून पुन्हा छापून दिला. भेटन त्याले मी सांगत सुटली, पाहा, दोष कोणाचा होता. माझं नाव पुन्हा उभं राह्यलं. देवळीवाल्यायनं ताराचंदभाऊ सोडले, आर्वीवाल्यायनं सोडले. वर्षभरात ती लॅब बंद झाली. धीरजनं आपल्या लॅबचा सगळा कारभार रुपेशले दिला. मी साऱ्या गल्लीत पेढे वाटले.

मंग रुपेशचं लग्न झालं. पोरगी कारंजा घाडग्याची, मेघा, डीएड झालेली. पांढऱ्या साडीत बुद्धवंदनेले हात जोडून बसली होती, तो फोटो प्रेमदासनं एवढा सुंदर काढला की मी त्याच्यावर काहीच केलं नाई, तसाच ठेवला. आठ-पंधरा दिवसांनी अल्बम पास कराले मेघाचे वडील आले. मेघा आन रुपेशही आले. चहा झाला. मी पानं दाखवाले लागली. प्रेमदास पुलगावले एका साखरपुड्याले गेलते.

मेघाचे वडील म्हणाले, "चांगलं आहे. पण आमच्या गाववाल्याच्या अल्बमात रंग जरा असे उठून दिसत होते."

रुपेशले आपली शान दाखवायची होती सासऱ्यापुढे. "सरक ताई," म्हणाला. माझ्या हातातून माउस घेतला, पडद्याच्या एका कोपऱ्यात टिचकी मारली, कार्डाचं काहीतरी सेटिंग उघडलं, त्यातली एक दांडी धरली आन सरकन पुढे ओढली. त्याले शोधावं लागलं नाई. हात आपोआप गेला.

आन पडदा बदलला. तोरणाचा झेंडू पेटल्यासारखा झाला. मेघाच्या पांढऱ्या साडीवर मांडवाचा गुलाबी रंग चढला. मेघाचे वडील म्हणाले, "हां, आता कसं!"

मी ओळखलं. हे रंग मी एक सीझनभर रोज पाह्यले होते.

"हे काय केलं रुपेश?"

"काही नाई, कार्डाचं सेटिंग आहे. रंग वाढवते."

"छापल्यावर पण असंच येईन?"

"नाई ना, हे फक्त पडद्याव..." आन तो थांबला.

त्याचं तोंड पाह्यलं मी. लहानपणी पाटीवरचं पुसून खोटं बोलला की असंच तोंड व्हायचं त्याचं.

मले सगळं एकदम समजलं. पडद्यावर रंग आधीच वाढवलेले होते. म्हणून त्या सीझनले मले प्रत्येक चेहरा जास्त लाल दिसे, आन मी प्रत्येक फोटोतला रंग उतरवत जाये. लोकंही म्हणत, कमी करा. छापाले जाये तो आमचा उतरवलेला फोटो. ताराचंदभाऊ बिचारा जे पाठवलं तेच छापत होता, इमानदारीनं.

"दुकानात दाखवलं तेव्हाच वाढवलं होतं ना तू?" मी म्हटलं. पाहुणे बसले होते. बसू दे म्हटलं, माझं काय जाते!

"ताई, आपण मंग बोलू."

"आत्ता बोल."

"तू त्या साध्या कार्डावरच अडून बसली होती. धीरजभाऊले ते भारी कार्ड खपवायचं होतं. थोडं वाढवून दाखवलं. मंग राह्यलं तसंच. मी विसरलोच होतो, खरंच."

"आन यशोदाबाईचा अल्बम आला तेव्हा? मी फोनवर रडली तेव्हा?"

तो मेघाकडे पाहाले लागला. मेघा त्याच्याकडेच पाहत होती. ती म्हणाली, "सांगा ना. तेव्हा आठवलं असन तुम्हाले."

"धीरजभाऊ म्हणाले राहू दे. ते लॅब टाकून राह्यले होते. म्हणाले, ताराचंदचे गिऱ्हाईक आले तं लॅब तुह्या हातात देतो. ताई, मले उभं राहायचं होतं ना! आन तुझं काय वाईट झालं सांग बरं? शेवटी अल्बम चांगलेच आले का नाई?"

मी त्याले मारलं नाई. हात उठला होता, पण नव्या नवरीपुढे नको म्हटलं. मेघाच्या वडिलानं चपला घातल्या. घरचा मामला आहे, आम्ही येतो म्हणाले. अल्बम पास न करताच गेले सगळे. मी शटर ओढलं आन पुलगावले जाऊन वर्ध्याची गाडी धरली.

ताराचंदभाऊ आता वर्ध्याजवळ बोरगावले राहत होते, पोराकडे. दार सुलोचनाबाईनं उघडलं. मले पाहून त्यायनं पदर सावरला आन बाजूले झाल्या. या म्हणाल्या नाई, जा पण म्हणाल्या नाई. ताराचंदभाऊ खुर्चीत बसून मटार सोलत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कार्ड, दांडी, धीरज, रुपेश. सांगता सांगता मले हुंदके आले. "माझ्या भावानं केलं भाऊ. माझ्या सख्ख्या भावानं."

त्यायनं मटार सोलणं थांबवलं नाई. म्हणाले, "मले माहीत आहे बेटी."

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"मी तुले फोनवर म्हटलं ना, पडदा दुसऱ्याले दाखव. तुले राग आला. मंग मी प्रेमदासले फोन केला. म्हटलं, तुम्ही पाहा जरा, कार्डात रंग वाढवून ठेवला असन. त्याच दिवशी संध्याकाळी त्यायचा फोन आला. म्हणाले, बरोबर आहे तुमचं, रुपेशले विचारलं, त्यानं कबूल केलं. मी अन्नपूर्णाले समजावून सांगतो."

"मंग?"

"मंग दुसऱ्या दिवशी तू आली," ते म्हणाले. "प्रेमदास तुह्या मागे उभा होता. मले वाटलं आता बोलन, मंग बोलन."

सुलोचनाबाई आतून म्हणाल्या, "पाणी देऊ का तिले?" ताराचंदभाऊ म्हणाले, "दे." मी पाणी प्यायली. माफी मागाले तोंड उघडलं तं त्यायनं हातानंच थांबवलं. "तू तं बोलतेच. तुह्या बोलण्याचं मले काही नाई."

घरी आली तेव्हा दिवे लागले होते. प्रेमदास कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगले लावत होते. रुपेशचा फोन येऊन गेला असन, कारण मले पाहून त्यायनं विचारलं नाई की कुठे गेलती.

मी म्हटलं, "मी बोरगावहून येऊन राह्यली."

ते खाली बसले. वायर हातातच होती.

"तुम्हाले आदल्या दिवशी माहीत होतं. आन सकाळी तुम्ही माझ्यासंग गाडीत बसले. तिकीट काढलं माझं. मी लॅबमधे त्या माणसाले चोर म्हणत होती, आन तुम्ही मागे उभे राहून ऐकत होते."

"त्या रात्री रुपेश फोनवर रडला ग माझ्यापाशी. म्हणाला, ताईले सांगू नका. आन धीरज मले वर्ध्याची मोठी लग्नं देणार होता, दिली पण त्यानं. तूच म्हणत होती ना, प्रेमदासचं नाव वर्ध्यात व्हायला पाहिजे. मले वाटलं, तुझा भाऊ आहे, तुझंच घर आहे. ताराचंदभाऊचं काय, त्यायचा पोरगा कमावता आहे."

या माणसाच्या बाजूले बसून मी दोन वर्षं जेवली. यशोदाबाईनं अल्बम आपटला तेव्हा यायनंच माझे डोळे पुसले होते. मंग खरं कळल्यावरही तसेच पुसत राह्यले.

ते म्हणाले, "मले एक सांग. तुले सांगितलं असतं, तं तू गप्प बसली असती का?"

"नसती बसली," मी म्हटलं. "म्हणूनच तुम्ही मले सांगायले पाहिजे होतं."